खवट मामाच्या तोंडी गोड बोल

पुण्य करायला निघालेली बाई केवढा घोळ घालू शकते ते पाहायचं असेल, तर माझ्याकडे बघा. हसू नका. चहा ओता आधी, मग सांगते.

आमच्या आदिलाबादच्या गल्लीत गणपती बसतो, पण खरी गर्दी होते ती (देवा, क्षमा कर) खवट मामाला बघायला. हा पोरांच्या नाटकातला म्हातारा. गळ्यात मफलर, हातात काठी आणि सणवाराचं अख्खं वावडं. ढोल वाजला की चिडतो, रांगोळी दिसली की "घसरून पडलो तर कोण उचलते मले?" म्हणतो, पोरांच्या हातचे मोदक हिसकावतो. आणि शेवटी कोपऱ्यात बसून गुपचूप एक मोदक खातो. दरवर्षी हेच नाटक. तरी नेरडीगोंड्याहून लोक टेम्पो करून येतात. तेलुगू शेजाऱ्यांची लेकरं त्याला लाडानं 'तात' म्हणतात, म्हणजे आजोबा.

हे काम करतात आमच्या शेजारचे देवरावभाऊ, लोखंडी सामानाचे दुकानदार. काम कसलं, नुसता मफलर गुंडाळतात. बाकी बाराही महिने तसेच. गिऱ्हाईकानं खिळे मागितले तर "काऊन, घर पडून राह्यलं का?" असं विचारणारा माणूस.

मला दया यायची ती त्यांच्या बायकोची, सुमनबाईची. आषाढी एकादशीला ती माझ्याकडे आली. चातुर्मासात कुणी काय नेम धरायचा, कुणी वांगं सोडायचं, कुणी मुक्यानं जेवायचं, हे आमच्या गल्लीतल्या बायका मलाच विचारतात. मी म्हटलं, यंदा तू राहू दे, भाऊंनाच नेम दे. कार्तिकी एकादशीपर्यंत कडू शब्द बोलायचा नाही.

भाऊंची तेव्हा कंबर धरली होती. अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतो. मी सुपारी हातात देऊन त्यांच्याकडून देवापुढे वदवून घेतलं.

आणि काय सांगू, आठवड्यात कंबर सुटली! भाऊंची श्रद्धा अशी बसली, की खिळ्याचं गिऱ्हाईक आलं तरी "या, बसा" म्हणू लागले. सुमनबाईच्या तोंडावर तेज आलं. मी मनातल्या मनात देवाकडून शाबासकी घेऊन मोकळी झाले.

पण आषाढी आणि कार्तिकीच्या मधे भाद्रपद येतो. पंचांग तोंडपाठ असलेल्या बाईच्या हे ध्यानात येऊ नये?

तालमीत पोरांनी ढोल बडवला. देवरावभाऊ काठी टेकत पुढे आले आणि म्हणाले, "वाजवा बाळांनो, किती गोड वाजवता." एक चिमुरडी रडायलाच लागली. म्हणे, हा आपला तात नाही.

मंडळाचा कारभार पाहणारा दिलीप हात जोडून माझ्या दारात. "काकू, तुमीच बांधलं, आता तुमीच सोडा."

नेम असा अर्ध्यात सोडवतात का? दोष नेम देणाऱ्याला लागतो. नाटकातलं बोलणं चालतं, असं मी भाऊंना सुचवून पाहिलं. ते कमरेवर हात ठेवून मधुर हसले. आणि सुमनबाईनं तर माझा हातच धरला. "वहिनी, लगन झाल्यापासून पयल्यांदा माह्या घरात कोणी ताट आपटून नाही राह्यलं. सोडवू नका."

झालं. माझा जीव थाऱ्यावर राहीना. भाजीत मीठ दोनदा पडे, देवाला फूल वाहायचं राहून जाई. घरातून मंडपात, मंडपातून घरात. पोरांचा सण नासला तर तो माझ्यामुळं, आणि सुमनबाईचं सुख गेलं तर तेही माझ्यामुळंच. दिलीपनं स्वतः मफलर बांधून पाहिला. ओरडला पुष्कळ, हसलं कुणी नाही. तेव्हा मला कळलं, रागावणं वेगळं आणि खवट असणं वेगळं. खवट माणसाला आपलं बोलणं अगदी रास्त वाटत असतं. सणाच्या दिवशी सगळेच गोड वागतात हो; म्हणून पानाच्या कडेला लिंबाची फोड लागते, तसा तो मामा लागतो.

शेवटी तोड मीच काढली. भाऊंनी नुसते हातवारे करायचे, बोलायचं मी, पडद्यामागून माईकवर.

पडदा उघडला. भाऊंनी काठी उगारली. मी मामाचं बोलणं उतरवलेला कागद वाचायला वर धरला आणि नेमका पडद्यामागचा दिवा गेला. एक अक्षर दिसेना. समोर माणसं दाटलेली, पोरं मामाच्या तोंडाकडे बघताहेत. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून तोंड उघडलं. पुढचं ते आपोआप बोलत गेलं.

"पाय पुसले का? ओल्या पायानं आत आले तर याद राखा! देवघराकडे जाऊ नका, मी सोवळ्यात आहे. नैवेद्याआधी मोदकाला हात लावला कोणी? काल पुसलेल्या फरशीवर आज चहा सांडला कोणी? आणि चष्मा डोक्यावर आहे, घरभर काय शोधून राह्यले?"

मंडप हसून लोळायला लागला. भाऊंनी डोकं चाचपून चष्मा शोधला, तेव्हा तर टाळ्याच टाळ्या. मलाही चेव चढला. ओला टॉवेल, उघडा राहिलेला फ्रिज, काही म्हणून सोडलं नाही.

नाटक संपल्यावर दिलीप धावत आला. इतक्या वर्षांत असा मामा झाला नाही म्हणाला, आणि हे कुणी लिहून दिलं ते विचारू लागला. मी नम्रपणे वर बोट दाखवलं. देवाची कृपा.

बाहेर आमचे हे एकटेच खुर्चीत बसून डोळे पुसत होते. हसून हसून उठवेना त्यांना. मला जरा लागलंच. म्हटलं, एवढं काय त्यात हसण्यासारखं? घरी हेच सगळं बोलते, तेव्हा तर तुम्ही खाली मान घालून गप्प बसता.

"अवं," ते म्हणाले, "घरी हसलो असतो, तर जेवाले कोणं देल्लं असतं?"