अमावस्येच्या कळा

ओवा भाजल्याचा वास आला की मला ती अमावस्या आठवते. नववा महिना भरत आला होता. सकाळपासून कंबर राहून राहून आवळत होती, साडीला चिकट लालसर डाग दिसला. मी लाजत सासूला सांगितलं. ती म्हणाली, "गॅस हाय बाई, ओव्याचं पाणी पे. अन् कळा असल्या तरी आज अमावस्या हाय, उद्यापर्यंत दम धर!" जणू लेकरू तिला विचारून येणार होतं. नवरा शेंगा सोलत आईच्या तोंडाकडे पाहत राहिला. पाणमोट फुटली तेव्हा शेजारणीनं ऑटो बोलावला. आदिलाबादच्या दवाखान्याच्या दारातच पोरगी झाली. आता सासू आल्यागेल्या बायांना सांगते, "कळा पयले मीच ओळखल्या." मी गुपचूप चहा ठेवते. तिथंच थुंकावंसं वाटतं, पण फरशी मलाच पुसायची असते.