माफ करायला गेलो तेव्हा

इथे परदेशात, आमच्या कॅसल हिल उपनगरातल्या एका पार्किंगमध्ये माझा नवरा गाडीखाली येऊन गेला. दूध आणायला गेला होता. गाडी चालवणारी बाई ऐंशीच्या घरातली. ब्रेक समजून तिने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हे पोलिसांनी सांगितलं आणि मला ते पटलंही. त्याने दुःख तसूभरही कमी झालं नाही.

तेरावा झाला त्या संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, मी त्या लेडीला फरगिव्ह केलंय. यू शुड टू."

मी भडकलेच. हातातलं भांडं सिंकमध्ये आपटलं. "तू कोण गं माफ करणारी? बाबा येऊन सांगून गेले का तुला?"

ती ते भांडं उचलून घासायला लागली. बाप गेल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. हिने त्याला इतक्या सहज सोडून दिलं की काय, या विचाराने माझा जीव कासावीस व्हायचा.

हे तिच्यात आलं कुठून? चर्चची पायरी ती कधी चढली नाही. घरी गणपती बसतो, आरतीला झांजा तीच वाजवते. पण इथल्या शाळेत भांडण झालं की बाई दोघांना समोरासमोर उभं करायच्या. एकाने सॉरी म्हणायचं, दुसऱ्याने माफ करायचं, की झाला खेळ सुरू. माझ्या ऑफिसातले लोक येशूचं नाव फक्त वैतागले की घेतात, पण तेही मला समजावत होते, माफ कर, तुलाच हलकं वाटेल. चर्चं ओस पडली असतील, पण मारणाऱ्यांना क्षमा करणारा तो क्रूसावरचा माणूस इथल्या लोकांच्या अंगात भिनलेला आहे. माझ्या अंगात नाही, त्याला मी काय करू?

कोर्टाचं सगळं उरकल्यावर त्या बाईच्या मुलाने निरोप पाठवला, आईला तुम्हाला भेटायचंय. लेकीच्या हट्टाखातर मी गेले.

बाई अगदी लहानखुरी होती. तिने आमच्यापुढे चहा ठेवला. लेक शांतपणे इंग्रजीत म्हणाली, "आम्ही तुम्हाला माफ केलंय."

"चर्चमधले सगळेही तेच म्हणतात," बाई म्हणाली. "देवानेही केलंय म्हणे." मग माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही?"

"नाही," मी म्हटलं. "मला जमत नाही."

तिने मान हलवली. "मलाही नाही जमत."

चहा तसाच राहिला. आम्ही निघालो.

गाडीत बसल्यावर लेकीने किल्ली फिरवलीच नाही. स्टिअरिंग घट्ट धरून म्हणाली, "आय हेट हर, आई. आय हेट हर सो मच." आणि हमसून हमसून रडायला लागली.

मी तिला जवळ ओढलं. सीटबेल्ट मध्ये येत होता, तो काढायचंही सुचलं नाही.

"रड," मी म्हटलं. "बाबा गेलेत आपले."