परिषदेचं हॉटेल आणि आग्या मोहोळ

कर्जत-चौक रस्त्याला डोंगराच्या पायथ्याशी एक जुनं दगडी हॉटेल आहे. पन्नास वर्षांपूर्वी तिथे दहा-बारा देशांची अर्थपरिषद भरली होती. तिचा सुवर्णमहोत्सव होणार, जुने फोटो मांडणार, अशी बातमी आली आणि माझ्या बायकोने, मंदाने, जायचं ठरवून टाकलं. माझे सासरे त्या परिषदेत वेटर होते. त्यांचा तरुणपणीचा एकही फोटो तिच्याकडे नाही.

पनवेलहून सकाळी लवकर निघा, म्हणजे जुन्या हायवेवर ट्रक कमी लागतात. चौकला मिसळ खा. ऐंशी रुपयांत पोट भरतं. माझं गॅरेज आहे. उभा जन्म इंजिनं ऐकण्यात गेला, त्यामुळे शेजारच्या टेबलावरचं बोलणं कानात शिरतंच. तिथे दोन तुतारीवाले बसले होते, त्याच कार्यक्रमाला निघालेले.

"मनोऱ्यावरचं मोहोळ काढलं का रं?"

"नाय. मॅनेजर म्हणतो, धूर केला तर भिंत काळी व्हईल, फोटोत दिसंल. कार्यक्रम झाल्यावर काढू."

"आन आपुन खाली तुतारी फुकायची?"

"तू हळू फुक."

दोघं हसले. मी मिसळीची ताटली बाजूला सारली. मागे मंदाला एकच गांधीलमाशी चावली होती, तर घसा सुजून श्वास बंद व्हायची वेळ आली होती. डॉक्टरांनी तेव्हापासून इंजेक्शन कायम जवळ ठेवायला सांगितलंय.

"मागे फिरू," मी म्हणालो.

"तुम्ही फिरा. मी रिक्षा करून जाते."

शेवटी दोघंही गेलो. हॉटेलच्या फाटकाशीच पार्किंगवाल्याने किल्ली घेतली आणि गाडी खालच्या मैदानात नेली. मी वर पाहिलं. मनोऱ्याच्या छज्ज्याखाली परातीएवढं काळं मोहोळ लोंबत होतं. आणि नेमकं त्याच्याखाली, परिषदेच्या पाहुण्यांचं झालं होतं तसंच आमचं स्वागत चाललं होतं: मनगटाला अत्तर, अंगावर गुलाबपाणी. लग्नघरात शोभणारी रीत. आग्यामाश्यांना उग्र वासाचा राग असतो, हे बहुधा कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"काका, काकूंना लावू द्या की," अत्तरदाणी घेतलेली मुलगी म्हणाली.

"काकूंना नको."

"चारचौघांत कसं वागता हो," मंदा पुटपुटली.

तेवढ्यात तुतारी वाजली. वरचा आवाज बदलला. मंद चालणाऱ्या इंजिनावर कुणी पाय दाबावा, तसा तो चढला. मी मंदाला दंडाला धरून सभागृहात ओढलं. मागून किंकाळ्या आल्या, माणसं आत घुसली, दारं लागली. मग माझ्या लक्षात आलं, इंजेक्शनची पिशवी गाडीत आहे.

वरच्या झरोक्याची एक काच फुटलेली होती. तिथून माश्या येऊ लागल्या. समोर दोरीपलीकडे परिषदेचं लांबलचक टेबल, जमिनीपर्यंत हिरवं कापड, 'हात लावू नये' अशी पाटी. मी मंदाला सरळ त्याच्याखाली ढकललं. आत प्रमुख पाहुणे आधीच बसले होते, अर्थशास्त्राचे प्राध्यापक.

"या वहिनी, जागा आहे."

"सर, तुमच्या अंगाला अत्तर आहे. तुम्ही बाहेर या."

ते मुकाट्याने बाहेर आले. आम्ही दोघांनी खुर्चीवर चढून सुवर्णमहोत्सवाचा फलक झरोक्यात कोंबला. त्यांच्या हाताला दोन डंख बसले. मी दाराकडे निघालो, तर तिथला सिक्युरिटीवाला आडवा आला.

"आता नाय जायचं, सायेब. तुमच्या मागं आत येतील सगळ्या. दिवस मावळला का बसतील."

बरोबर होतं त्याचं. मी टेबलाशी जमिनीवर बसलो आणि कापडापलीकडचा श्वास ऐकत राहिलो.

"मंदा?"

"हं."

थोड्या वेळाने पुन्हा.

"मंदा?"

"आहे हो."

तिसऱ्यांदा उत्तर आलं नाही. कापड वर केलं, तर ती दुसऱ्या बाजूच्या फटीतून समोरच्या भिंतीकडे टक लावून बघत होती.

"ते बघा. बाबा."

परदेशी पाहुण्यांच्या रांगेमागे पांढऱ्या कोटातला सडपातळ पोरगा ट्रे घेऊन उभा होता.

दिवेलागणीला बाहेरचा आवाज बसला. सिक्युरिटीवाल्याने दार उघडण्याआधी मी त्या फोटोचा मोबाइलवर फोटो घेतला आणि मंदाला माझ्या कोटात गुंडाळून गाडीपर्यंत नेलं. काच वर होईपर्यंत मी श्वास घेतला नसेन.

तुम्ही जायचं का? जा. हॉटेल देखणं आहे, डोंगर सुंदर आहे. पण आधी फोन करून मोहोळ काढलं का ते विचारा, आणि औषध अंगावरच्या खिशात ठेवा.

घरी येऊन मोबाइल बघितला. घाईत काढलेला फोटो साफ हललाय. सासऱ्यांचा चेहरा पुसट, ट्रे तेवढा कळतो. मी म्हणालो, "मोहोळ काढल्यावर जाऊन नीट काढून आणतो."

मंदाने मोबाइल माझ्या हातातून घेतला.

"असू दे हललेला. बाबा कामावर कुणाला स्थिर दिसलेतच कधी?"