शेवंताची तार

चहा हातात असंल तर आधी खाली ठेवा. आता माझी जी फजिती सांगून राह्यलो, ती ऐकून सांडायचा!

सत्तरच्या पुढची सालं. मी टेंभुर्णीचा, वय बावीस. नोकरी लागली मंठ्याकडं, सरकारी वराहपालन केंद्रावर. म्हंजे डुकरं सांभाळायची हो! पांढरी, विलायती. दहा माद्या, एक नर आन् मी. गाव अर्ध्या कोसावर, पण डुकरांच्या साहेबाला चहाला कोण बोलवणार? चार-चार दिवस कुणाशी बोलणं व्हायचं न्हाई. मंग काय करता? माद्यांना नावं दिली आन् त्यांच्याशीच बोलू लागलो. शेवंता सगळ्यात समजूतदार. बराबर हुंकार द्यायची!

एकदा तिला हगवण लागली. औषधाची पिवळी पावडर तीन दिवस दिली, बिलकुल ठणठणीत! मी म्हटलं, आजार यायची वाट कशाला बघा? रोजच चिमूटभर खाण्यात घातली तर तो फिरकणारच न्हाई! सहा-सात म्हैने मिठासारखी घातली. काय ती हुशारी!

मंग शेवंता व्याली, आन् पिल्लांसकट हगवणीनं आडवी झाली. पावडर दिली. दुप्पट दिली. तिप्पट दिली. ढिम्म! दोन पिल्लं माझ्या मांडीवर गेली. सांगायला जवळ कुणी न्हाई. धावत गावातलं पोस्ट गाठलं आन् जालन्याच्या डॉक्टरांना तार केली, ‘शेवंता गंभीर. दोन लेकरं गेली. औषध लागू न्हाई. जल्दी या.’

दुपारी बघतो तर पोस्टमास्तर, त्यांची बायको आन् मागं धा-बारा माणसं केंद्राच्या दारात!

"भाऊ, आम्हाला सांगायचं न्हाई का?" मास्तर म्हणाले.

माझ्या डुकरांसाठी गाव आलं!

"किती लेकरं तिला?" मास्तरांच्या बायकोनं विचारलं.

"आठ झाल्ती, मावशी. सहा राह्यली."

"आठ! तुझ्या एवढ्याशा वयात?"

"एकाच दिवशी झाली की!"

मावशींनी पदर तोंडाला लावला. "कुठं हाय बिचारी?"

"शेडात. खाली पेंढा घातलाय चांगला."

"बायकोला शेडात ठुलं? माणूस हाइस का कोण?"

बायको? मी तोंड उघडेपर्यंत सगळे शेडात घुसलेसुदिक! शेवंतानं मान वर केली आन् लोकांना एक हुंकार दिला.

मंग कुणीतरी फिसकन हसलं आन् सगळेच सुटले. मीबी हसलो. पाच मिनिटांत सगळे आल्या वाटेनं गेले. मावशी तेवढा पिठलं-भाकरीचा डबा ठेवून गेल्या, नाकाला पदर लावून. एवढी माणसं येऊन गेल्यावर अंगण किती मोठं दिसतं, ते त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं डॉक्टर आले. पावडरचा रिकामा होत आलेला डबा त्यांनी हातात घेतला.

"ही किती दिवस दिली?"

"रोज, साहेब. एक दिवस चुकवला न्हाई!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अरे, कच्चे जंतू मेले, चिवट तेवढे जगले. आता शेडभर त्यांचीच पिलावळ! त्यांना हे औषध म्हंजे खुराक. ह्या केंद्रावर नीट पाळलं असंल तर तू जंतूंनाच!"

मंग आजारी जनावरं वेगळी काढली, शेड धुऊन चुना मारला, दुसरं औषध सुरू केलं. शेवंता वाचली, चार पिल्लंबी वाचली. काम करता करता डॉक्टर मला तासभर झाडत होते. आन् मी? मी खूश! तासभर कुणीतरी माझ्याशी बोलत होतं हो!

निघताना मी विचारलं, "साहेब, परत कवा येता?"

"तू रोजची पावडर बंद केलीस, तर यायचं कामच पडणार न्हाई."

आता तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? डॉक्टर फाटकाबाहेर गेले, आन् मी घटकाभर विचार केल्ता, पावडर चालूच ठेवावी का!