आठ दिवसांपूर्वीचा पेपर

आमची अक्का आजचा पेपर वाचत नसे. कुणी समोर धरलाच, तर पोट भरलेल्या माणसाने पोळी नको म्हणावं तसा ती तो हाताने बाजूला सारायची. ती वाचायची तो आठ दिवसांपूर्वीचा. आणि हीच बाई बंगळूरला कोरमंगलातल्या आमच्या पीजीतल्या पाच-सहा पोरींना चालू घडामोडी शिकवायची, तेही नागरी सेवा परीक्षेसाठी! मी नागपूरची, तोंडाने फटकळ. पहिल्याच शनिवारी मी तिला विचारलं, की हा वर्ग आहे की रद्दीचं दुकान. पोरी चपापल्या, पण अक्काला राग आला नाही. ती म्हणाली, “आजच्या बातमीला अजून तिचं तिलाच कळलेलं नसतंय गं. आठ दिवसांनी जी उरती, ती वाचायची.”

अक्का निपाणीची. घरी मराठी, शाळेत कन्नड, आणि दोन्हींत सारखीच ठसक्यात बोलणारी. तिकडच्या बायकांसारखं ती स्वतःबद्दलही ‘मी येतो’, ‘मी जेवतो’ असंच म्हणायची. आमच्यातल्या पुण्याच्या सईला सुरुवातीला त्याचं फार हसू यायचं. महिनाभरात सईच ‘मी येतो गं’ म्हणून ऑफिसला निघायला लागली. अक्का यशवंतपूरच्या एका मालवाहतूक कंपनीत नोकरी करायची आणि पीजीत सगळ्यांत जुनी होती. मालकीणबाईसुद्धा तिला विचारल्याशिवाय पाण्याचा टँकर बोलवायच्या नाहीत. नागरी सेवा परीक्षेच्या सगळ्या संधी तिने वापरून संपवल्या होत्या. दोनदा मुलाखतीपर्यंत जाऊन आली होती. हे ती आपला रक्तगट सांगावा इतक्या सहज सांगायची.

वर्ग भरायचा गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. अक्का आदल्या आठवड्याचा पेपर आणि एक लाल पेन आमच्यात टाकायची. मग खोडाखोड. “कोण काय म्हणालं, ते खोड. काय झालं, ते ठेव.” हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं, की झोपेतही म्हटलं असतं. पुढाऱ्याचा इशारा, त्यावरचा दुसऱ्याचा टोला, ‘लवकरच होणार’ म्हणून छापलेलं सगळं, यावर लाल रेघा. पान निम्म्याहून अधिक लाल व्हायचं. खाली काहीतरी बारकं उरायचं, एखाद्या न्यायालयाचा निकाल, एखादं दुरुस्त झालेलं कलम, एखाद्या धरणातलं पाणी. मग अक्का मांडी घालून बसायची आणि त्या बारक्या बातमीचं मूळ खणायला लावायची. कुठलं कलम, ते आधी काय होतं, कुणाच्या हातात काय गेलं. दुपारभर आम्ही त्या चार ओळींत अडकायचो. सईकडे फोनवर रोजच्या शंभर प्रश्नांचं ॲप होतं. तिने ते अक्काला दाखवलं तेव्हा अक्का म्हणाली, “छान आहे की. जेवण झाल्यावर बडीशेप म्हणून घेत जा.”

माझ्या पाठांतराची हवा तिने एका प्रश्नात काढली. माझं ऑफिस बेळ्ळंदूरला, अगदी तळ्यासमोर. एका शनिवारी पेपरात त्या तळ्यावरच्या फेसाची बातमी निघाली आणि मी सुसाट सुटले. पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार, त्यातली आपली स्थळं, राज्यवार, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. अक्काने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुझ्या खिडकीतल्या तळ्याचं पाणी पुढं कुठं जातंय?”

बाप्पा! रोज त्या तळ्याकाठी मी ट्रॅफिकमध्ये तासतास सडायचे, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी रविवार होता. अक्काने मला रिक्षात घातलं आणि ‘अण्णा, स्वल्प, स्वल्प’, म्हणजे जरा, जरा, करत रिक्षावाल्याला जागोजागी थांबायला लावून थेट वर्तूरच्या तळ्यापर्यंत नेलं. बेळ्ळंदूरचं पाणी तिथे उतरतं, तिथून पुढे नदीला लागतं आणि नदी तामिळनाडूत जाते. घाण वास येत होता. मी नाकाला ओढणी लावून उभी होते आणि अक्का विचारत होती, की आता हा प्रश्न कुणाचा, पर्यावरणाचा, महापालिकेचा की दोन राज्यांचा? त्या दिवशी पहिल्यांदा मला ही परीक्षा आवडली. तोवर मला ती फक्त पास व्हायची होती.

पास व्हायलाच हवं होतं, कारण ती माझी शेवटची संधी होती. बाबांनी नागपूरहून स्पष्ट सांगितलं होतं, की या खेपेला झालं तर उत्तम, नाहीतर बंगळूर बंद. घरी यायचं आणि आलेल्या स्थळांपैकी एकाला हो म्हणायचं. मी कबूल झाले होते. पूर्वपरीक्षा झाली, मुख्य परीक्षा झाली, आणि मुलाखतीसाठी दिल्लीला बोलावणं आलं.

मुलाखतीच्या सकाळीच एक मोठी बातमी फुटली. गेटबाहेर सगळे उमेदवार फोनमध्ये डोकं घालून उभे होते. कानावर पडलं तेवढं पुरे म्हणून मी फोन पर्समध्येच ठेवला. आत पहिलाच प्रश्न त्या बातमीवर आला. मी म्हटलं, “सर, ही बातमी आज सकाळची आहे. तिच्यावर आजच मत देणं घाईचं होईल. पण ती ज्या कायद्यावर उभी आहे, तो मी सांगू शकते.” अध्यक्ष हसले आणि म्हणाले, सांगा. मी सांगितलं, आणि खरं सांगते, फार छान सांगितलं. बाहेर आले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. अक्काला फोन करून सगळं शब्दन् शब्द ऐकवलं. ती फक्त “सरी”, म्हणजे ‘बरं’, म्हणाली, पण त्या ‘सरी’त ती किती खूश आहे हे मला कळलं.

आणि निकालाच्या यादीत माझं नाव नव्हतं.

मी वरून खालपर्यंत, खालून वरपर्यंत यादी बघितली आणि अक्काच्या खोलीत जाऊन ढसाढसा रडले. तिने माझ्यापुढे दहीभाताची ताटली ठेवली. वाटलं, आता ती जवळ घेईल, तिचंही असंच झालं होतं ते सांगेल, दोन गोड शब्द बोलेल. ती म्हणाली, “आत्ता तुझ्याजवळ जे आहे, ते सगळं आजचं आहे. आठ दिवसांनी ये. काय उरलंय ते बघू.” मला इतका संताप आला! म्हटलं, बाई आहे की दगड? मी ताटली तशीच ठेवून निघून आले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराशी फिल्टर कॉफीचा पेला झाकून ठेवलेला होता. तिसऱ्या दिवशीही. नंतर रोजच. आम्ही एकमेकींशी बोललो नाही, पण कॉफी कधी गार मिळाली नाही.

आठवड्याने मी गच्चीवर गेले. अक्का एकटीच बसली होती. तिने लाल पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “खोड.” समोर कागद नव्हता, काही नव्हतं. मी बोलत गेले. मावशी म्हणाली होती, की पोरीची उमर फुकट गेली. ते खोडलं. ऑफिसातले मागे काय कुजबुजतात, ते खोडलं. घरासमोर लाल दिव्याची गाडी येऊन थांबेल हे तर मी लहानपणापासून बघत आले होते. तेही खोडलं. मग म्हटलं, “मी नापास झाले.”

“हे झालंय,” अक्का म्हणाली. “हे ठेव. अजून काय उरलंय?”

मी लाल पेनाला टोपण लावलं. मग म्हटलं, “ते पाणी कुठे जातं, हे मला अजूनही शोधावंसं वाटतं. आणि शनिवार मला सोडवत नाही.”

“मग बाबांना तेवढंच सांग की.”

मी तिथूनच बाबांना फोन लावला. म्हटलं, बाबा, मी येत नाही, मी इथे राहून नोकरी करणार आणि शनिवारी मुलींना शिकवणार. बाबा आधी चिडले. शेवटी म्हणाले, की तुझा आवाज तर पास झाल्यासारखा येतो आहे. मला हसू आलं. त्या दिवसापासून गच्चीवर आम्ही दोघी शिकवायला लागलो.

पुढच्या वर्षी अक्काने नोकरी सोडली. निपाणीत एका शाळेची वरची खोली तिला मिळाली होती; तिथल्या पोरींचा वर्ग सुरू करायचा होता. यशवंतपूरला मी तिला बेळगावच्या गाडीत बसवून द्यायला गेले. सामान लावलं, पाण्याची बाटली दिली, आणि खिडकीशी उभी राहिले तर माझा बांध फुटला. अक्काने गजांतून हात काढून माझे डोळे पुसले. “हे आजचं आहे गं,” ती म्हणाली. गाडी हलली.

आठ दिवसांनी गच्चीवर वर्ग भरला. पोरींच्या मधोमध पेपर पडला होता, अर्थातच आठ दिवसांपूर्वीचा, म्हणजे अक्का गेली त्याच दिवशीचा. पोरींनी लाल रेघा मारायला सुरुवात केली. मी कठड्याशी जाऊन अक्काला फोन लावला.

“अक्का, आठ दिवस झाले,” मी म्हटलं. “काहीच खोडता येत नाही गं.”

पलीकडून तिच्या निपाणीच्या पोरींचा गलका ऐकू येत होता.

“मला पण,” ती म्हणाली. मग लगेच, “ठेव आता फोन. तुझ्या पोरी खोळंबल्या असतील.”