इस्त्रीवाल्या बाईंचं ‘कशावरून’

बाईंबद्दल लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. अकरा वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं. मी कापायच्या टेबलावर, त्या इस्त्रीच्या टेबलावर, मधे जेमतेम पाच पावलं. तरी त्या राहायच्या कुठे, घरी कोण कोण होतं, हे मला आजही सांगता यायचं नाही. विचारायचा धीरच झाला नाही. त्यांना मात्र माझं सगळं माहीत होतं, कारण त्या सरळ विचारायच्या.

आमचं गणवेश शिवायचं वर्कशॉप. मालक स्वतः गिऱ्हाइकाकडे जाऊन मापं घेत, मी कापड कापायचो, मशीनवाले शिवायचे आणि शेवटी बाई इस्त्री करायच्या. त्यांचं नाव पडलं होतं ‘कशावरून’. कुणी काहीही म्हणालं की वाफेच्या ढगातून तेवढा एकच शब्द यायचा.

एकदा एक मशीनवाला म्हणाला, “डावखुऱ्या माणसांचं डोकं जास्त चालतं.”

“कशावरून?”

“मी आहे ना डावखुरा.”

“मग तर नक्कीच तपासून बघायला हवं.”

मालकांनी दारावर पाटी लावली, ‘आमचे सर्व ग्राहक समाधानी’. बाईंनी ती मोठ्याने वाचली आणि म्हणाल्या, “जे चिडले ते परत आलेच नाहीत. त्यांना कुठे गाठून विचारलंत?”

“बाई, तुम्ही इस्त्री करा,” मालक म्हणाले.

“करतेच आहे. तोंड रिकामं असतं म्हणून विचारलं.”

त्या स्वतःलाही सोडत नसत. भिंतीवरचं घड्याळ मागे पडतंय म्हणून त्यांनी आठवडाभर सगळ्यांचं डोकं खाल्लं. मग कळलं की त्यांच्याच मनगटावरचं पुढे होतं. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या खोलीच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी जाहीर केलं, “मी गाढव आहे. घड्याळ बरोबर आहे.” आणि पदर खोचून कामाला लागल्या. मला वाटलं, मी असतो तर महिनाभर तोंड दाखवलं नसतं.

मग ते रखवालदारांचे गणवेश परत आले. पँटी घोट्याच्या वर, बाह्या मनगटाच्या वर. एक नाही, सगळेच. त्याच्या आधीच्या खेपेलाही अशीच तक्रार होती. मालकांनी एक पँट माझ्या टेबलावर टाकली.

“मास्तर, तुमचे डोळे गेले. महिनाअखेरपर्यंत बघतो. नाही जमलं तर दुसरा माणूस आणावा लागेल.”

मी मान डोलावली. माझ्याबद्दल कुणी वाईट बोललं की मला ते लगेच पटतं. वय झालेलं, या वयात मला दुसरीकडे कोण ठेवणार? मी मुकाट्याने चष्मा पुसायला घेतला.

“कशावरून?” बाई म्हणाल्या. मालक निघून गेले होते, म्हणजे प्रश्न मला होता.

“काय कशावरून?”

“डोळे गेले, हे कशावरून?”

“पँटी आखूड झाल्या ना.”

“डोळे गेलेला माणूस कधी आखूड कापेल, कधी लांब. तुमची दरवेळी आखूडच कशी होते?”

मी पँट उलटीपालटी करून पाहिली.

“आधी माझ्यावर संशय घेऊ,” त्या म्हणाल्या. “माझ्या वाफेने कापड आटत असेल.” त्यांनी एक तुकडा मोजला, चांगला भिजवून इस्त्री केला, पुन्हा मोजला. जसाच्या तसा. “माझी सुटका झाली. आता सांगा, हे कधीपासून सुरू झालं?”

“दोन महिने झाले असतील.”

“दोन महिन्यांत तुम्ही काय बदललं?”

“काहीच नाही.” मग आठवलं. “टेप नवीन घेतली. जुनीवरचे आकडे दिसेनात.”

बाईंनी इस्त्री उभी करून ठेवली. “जुनी टाकली?”

मी काही टाकत नाही. खणातून काढली. स्टीलच्या पट्टीशी लावून पाहिली तर नवी बरोबर होती आणि जुनी ओढून ओढून चाळीस इंचांत एक इंच लांबली होती.

मी म्हणालो, “म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचं कापत होतो?”

“मग इतकी वर्षं कपडे बसत कसे होते?” बाईंनी मालकांच्या खोलीकडे पाहिलं. मालक जेवत होते. त्यांची टेप दाराबाहेरच्या खुंटीला होती. ती त्यांच्या वडिलांची. आमच्याकडे तिला हात लावायची पद्धत नव्हती. “आणा ती.”

“मी?”

“नोकरी तुमची जातेय, मास्तर. माझी नाही.”

मी आणली. पट्टीशी लावली. तीही बरोबर एक इंच लांब. दोन्ही टेपा सारख्याच ताणलेल्या. मालकांचं माप कमी भरायचं, माझं कापड तेवढंच जास्त कापलं जायचं, म्हणून एकीची चूक दुसरीत जिरत होती. मी खरी टेप आणली आणि घोटाळा झाला.

तेवढ्यात मालक दारात. हातात डब्याचं झाकण.

“माझ्या वडिलांनी या टेपने एका मंत्र्याच्या कोटाचं माप घेतलंय!”

“मंत्र्याला बसला का पण?” बाईंनी विचारलं.

मी बोलेन असं मलाही वाटलं नव्हतं. पण म्हणालो, “मालक, पट्टी लावून तुम्हीच बघा.” मालकांनी पाहिलं. पुन्हा पाहिलं. झाकण टेबलावर ठेवून तिसऱ्यांदा पाहिलं.

“पट्टी चुकीची असेल,” ते म्हणाले. “मास्तर, तुम्ही तुमची जुनीच टेप वापरा.”

मी जुनी वापरली. कपडे बसू लागले, दुसऱ्या माणसाचा विषय निघाला नाही. बाईंना मात्र चैन पडेना. “एखाद्याने स्वतःच माप लिहून पाठवलं की कळेल,” म्हणाल्या. तसंच झालं. एका दवाखान्याने आपल्याच टेपने मापं घेऊन कागदावर पाठवली आणि तिथल्या वॉर्डबॉयच्या पँटी जमीन झाडू लागल्या. त्या दिवशी मालकांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, “नवीन टेपा आणा. दोन.” वडिलांची त्यांनी काचेच्या कपाटात ठेवली. ती तिथे शोभतेही छान.

बाई काम सोडणार हे मला माहीत नव्हतं. गुडघे दुखायचे म्हणे, तेही नंतर दुसऱ्याकडून कळलं. त्या संध्याकाळी त्या पिशवी भरत होत्या. मी एक बाही घेऊन गेलो.

“बाई, ही बरोबर वाटते का हो?”

“वाटायचं काय त्यात? मोजा की.”

मी मोजली. “साडेतेवीस. बरोबर आहे.”

“मग मला कशाला विचारलंत?”

“उगाच.”

“बरं, सरका जरा. बस जाईल माझी.”