बाईंचे दात, मास्कसकट

कवळीवाले काका माणसाकडे बघायला दातांपासून सुरुवात करतात. कुणी ओळखीचं भेटून हसलं की काकांची नजर आधी समोरच्या दातांवर, मग हिरड्यांवर आणि सगळ्यात शेवटी, सवड मिळालीच तर, डोळ्यांवर. काकू अजून ऐकवतात, "लग्नाच्या दिवशी सगळे माझं रूप बघत होते आणि हे माझ्या दाढा मोजत होते!"

काका दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टरीणबाई आपल्या दवाखान्यात पेशंटच्या तोंडाचं माप घेतात. त्या मापात काका प्लास्टर ओतून साचा करतात आणि साच्यावर कवळी घडवतात. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं हे काम चालतं. फळीवर बोळक्या तोंडांचे पांढरे साचे रांगेनं मांडलेले. प्रत्येकाच्या बुडाला निळ्या पेन्सिलीनं नाव. काकांच्या हाताची एक खोड मात्र सगळ्यांना ठाऊक होती. कवळीचे दात ते कधी शिपायांसारखे एका ओळीत उभे करायचे नाहीत. एखादा दात किंचित तिरका बसवायचे. "देवानं दिलेल्या दातांत थोडी गडबड असतेच," म्हणायचे. "सगळे सरळ बसवले की लगेच कळतं, हे विकतचे आहेत म्हणून."

साथ आली आणि सरकारनं मास्क सक्तीचा केला. एका फटक्यात सगळ्या गावाचे दात दिसेनासे झाले. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर काका गोंधळून बघत राहायचे. आवाजावरून ओळखायची त्यांना सवयच नव्हती. त्यातच हुकूम निघाला, की दातांचे दवाखाने बंद, फक्त तातडीचं तेवढं बघायचं. मोठं सरकारी हॉस्पिटल सगळंच्या सगळं साथीच्या रुग्णांसाठी घेतलं. बाळंतपणं दुसरीकडे हलवली, मोडलेले हातपाय तिसरीकडे. डॉक्टरीणबाईंना शाळेच्या मैदानावरच्या तंबूत स्वॅब घ्यायच्या ड्यूटीला लावलं. काकांच्या हातचं कामच गेलं. मागच्या खोलीत ते नुसते बसून हत्यारं पुसायचे, पुसलेली परत पुसायचे.

काकूंना मात्र श्वास घ्यायला फुरसत नव्हती. रोज सकाळी भोंगा लावलेली गाडी गल्लीतून जायची, "प्रत्येक वस्तू निर्जंतुक करा! स्वच्छता पाळा!" काकू तो शब्द देवाचा समजून पाळायच्या. भाजी धुतली, नाणी धुतली, किल्ल्या उकळल्या. एकदा वर्तमानपत्रही ओलं करून दोरीवर वाळत घातलं. काका म्हणाले, "अगं, आता मलाही पिळून वाळत घाल."

"रांगेत आहात," काकू म्हणाल्या.

वरच्या मजल्यावर मोठ्या बाई एकट्या राहायच्या. मुलींच्या शाळेत जन्मभर शिकवून, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या. त्यांचा आवाज असा, की जिन्यात बोलल्या तरी फाटकापाशी उभ्या असलेल्या पोरांनी सरळ उभं राहावं. त्यांची थोरली बहीण, त्यांची ताई, साथीत सापडून मोठ्या हॉस्पिटलात दाखल झाली होती. भेटायला सक्त मनाई. रोज संध्याकाळी एक नर्स ताईंच्या कानाशी फोन धरायची, तेवढाच काय तो धागा. ताईंना ऐकू कमी यायचं. कानातलं यंत्र घाईत घरीच राहिलेलं. पण बाईंचा खणखणीत आवाज त्यांना पोचायचा. "ताई, जेवलीस का? औषध घेतलंस का? तोंड वाकडं न करता घे!" इतकं ऐकलं की ताई शहाण्यासारखं जेवायच्या, असं नर्स सांगायची.

आणि नेमके बाईंचे दात गेले.

झालं असं. बाईंची वरची कवळी जुनी, जरा सैल झालेली. मास्कमुळे कुणाला दिसत नाही म्हणून बाहेर जाताना त्या कवळी जिभेनं खाली ढकलून मास्कच्या झोळीत टेकवून ठेवायच्या. तेवढाच हिरड्यांना आराम. एके दिवशी औषधं घेऊन आल्या, नियमाप्रमाणे मास्क कानावरनं काढला, घडी घातली, पिशवीत बांधला आणि कचऱ्याच्या गाडीत टाकला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा बाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि त्यांच्या लक्षात आलं.

संध्याकाळी फोन लागला. बाई जिवाच्या आकांतानं बोलल्या, पण शब्द दातांना टेकायच्या जागी दातच नाहीत; तोंडातून नुसता वारा. पलीकडून ताईंचा थकलेला आवाज आला, "कोण बोलतंय? माझ्या बहिणीला द्या हो फोन." दुसऱ्या दिवशीही तेच. मग नर्सनं सांगितलं, "आजी ताट परत पाठवतायत. म्हणतात, बहिणीला काहीतरी झालंय, तुम्ही माझ्यापासून लपवताय."

बाई जिन्यावर येऊन बसल्या, अंतर राखून, पदर तोंडाला लावून. खाली अंगणात काका-काकू. बाईंचं बोलणं काकूंना निम्मं कळलं, काकांना सगळं. बोळक्या तोंडाची भाषा त्यांच्या रोजच्या कानावरची.

"बाई, रडू नका," काका म्हणाले. "माप घेता येत नाही तर नाही. तुमचा जुना साचा आहे माझ्या फळीवर. हिरड्या जरा बदलल्या असतील, पण बोलण्यापुरती कवळी त्यावर नक्की होईल. झालीच समजा!"

काकूंचा चेहरा मास्कच्या वर दिसत होता तेवढा पांढराफटक पडला.

"अहो," घरात आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "रागावणार नसाल तर एक सांगू?"

"म्हणजे रागावण्यासारखं आहे."

"परवा मी तुमची फळी निर्जंतुक केली."

काकांनी धावत जाऊन एक साचा उलटा केला. बूड गोरंगोमटं. दुसरा, तिसरा, सगळेच तसे. निळ्या पेन्सिलीचा कुठं मागमूस नव्हता. काकूंनी साचे बादलीतल्या जंतुनाशकात बुडवून ब्रशनं लख्ख घासले होते.

"तुझ्या हाताला देवानं इतकं बळ कशाला दिलं?" काका साचा परत फळीवर ठेवत म्हणाले.

"इतक्या वर्षांच्या कामावर मी पाणी फिरवलं," म्हणून काकू रडायला लागल्या. मग त्यांची समजूत घालता घालता काकांचा राग तिथंच राहिला.

सकाळी काका डॉक्टरीणबाईंना विचारायला निघाले. त्या फोन उचलत नव्हत्या, म्हणून थेट तंबूवर. तिथं बोलायचं तर रांगेतूनच जावं लागत होतं. उभे राहिले. आत पांढऱ्या पोशाखात नखशिखांत झाकलेली एक आकृती बसलेली.

"डॉक्टरीणबाई, मी जरा—"

"तोंड उघडा."

"नाही, मला फक्त—"

"उघडा!"

जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात डोकावलेल्या काकांनी मुकाट्यानं आपलं उघडलं. काडी घशात गेली, मग नाकात गेली, डोळ्यांतून पाणी आलं.

"अरे!" ती आकृती एकदम ओरडली, "ही दाढ तर मीच भरलीय! काका, तुम्ही होय? ताप आहे का?"

"ताप नाही, काम आहे!"

"मग रांगेत कशाला उभे राहिलात?"

"तुम्ही फोन उचलत नाही."

"ह्या गोणपाटात शिरल्यावर फोन उचलू कशानं? आता स्वॅब गेला. रिपोर्ट येईपर्यंत वेगळ्या खोलीत राहायचं, नियम आहे."

मागचे लोक कुरकुरायला लागले. काकांनी घाईघाईनं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दात कचऱ्यात गेले हे तातडीत बसत नाही हो. सूज असती तर दवाखाना उघडला असता. तुम्ही किंवा मी, कुणीही आत्ता बाईंच्या तोंडात हात घालायचा नाही. साच्यावर करता येत असेल तर करा. पण तुमचा रिपोर्ट आल्याशिवाय तुमच्या हातची वस्तू बाहेर जाता कामा नये. पुढचे!"

म्हणजे काका कोंडले गेले, तेही स्वतःच्याच कामाच्या खोलीत! काकूंनी दाराशी ताट ठेवायचं, दोन पावलं मागं सरून ओरडायचं, "घ्या!" जेवण झालं की भांडी उकळत्या पाण्यात.

काका साचे मांडून बसले. खालच्या जबड्यांचे बाजूला केले, फार मोठे, फार लहान बाजूला केले. उरलेल्यांकडे कितीतरी वेळ बघून त्यांनी एक नाजूक, आटोपशीर साचा उचलला. "हा बाईंचा. शंभर टक्के. आणि हा रुंद, उंच कमानीचा? हा आपला बँडमध्ये कर्णा वाजवायचा त्याचा. फुंकून फुंकून टाळूची कमान केवढी झालीय बघ!"

दारापलीकडून काकू म्हणाल्या, "तुमची शंभर टक्के खात्री मला चांगली माहितीय. मागं लग्नाला गेलो, दुसऱ्याच मांडवात जेवून आलो."

"मग काय करू? बाईंच्या तोंडात शिरून बघू?"

"तुम्ही कशाला? चप्पल घेताना आपण पायात घालून बघतोच की. बाईंनाच घालून बघू द्या."

काका उठून दारापाशी आले. मग दाराला तोंड लावून म्हणाले, "तू धुवत होतीस तेव्हा हे डोकं कुठं होतं?"

त्यांनी शंका होती त्या प्रत्येक साच्यावर कवळीचा नुसता गुलाबी तळ बनवला, बिनदातांचा, वर मेणाची कड. घासले, जंतुनाशकात बुडवून काढले, वेगवेगळ्या डब्यांत ठेवले आणि रिपोर्टची वाट बघत बसले. ती वाट बघणं फार अवघड गेलं. रोज संध्याकाळी वरून बाईंचं फसफसणं ऐकू यायचं, आणि मग फोन ठेवल्यावरची शांतता. काकू देवापुढं बसायच्या तेव्हा आता ताईंचं नाव घेऊन झालं की काकांच्या रिपोर्टचंही मागणं मागायच्या.

निरोप आला. रिपोर्ट निगेटिव्ह! काका बाहेर आले ते थेट जिन्यापाशी. बाईंनी वरून दोरीला बांधलेली टोपली सोडली, डबे वर गेले. काका खालून सूचना देत होते, "आधी तो लाल झाकणाचा, बाई! तोच तुमचा आहे!"

थोड्या वेळानं लाल झाकणाचा डबा खाली आला. वरून बाईंनी जोरजोरात मान हलवली. नाही. दुसराही नाही. तिसरा आत गेला तो खाली पडायलाच लागला. शेवटी उरला कर्णेवाल्याचा.

"तो राहू द्या," काका ओशाळून म्हणाले, "तो पुरुषाचा आहे."

पण बाईंनी तो तोंडात घातला. घट्ट बसला! जागचा हलेना. बाईंनी हातवारे करून काकांना जे सुनावलं त्याचा अर्थ काकूंनाही कळला: इतकी वर्षं भरलेल्या वर्गापुढं बोलले, मग टाळूची कमान काय चिमणीएवढी असणार?

पुढं काम झरझर झालं. बाईंनी आपल्या खालच्या कवळीनं मेणाच्या कडेवर चावा घेतला, काकांनी अंगणातून सांगितला तसा, न घाबरता आणि न हसता. दुसरी गोष्ट जमायला वेळ लागला. मग तळ, चावा आणि खालची कवळी टोपलीतून उतरली आणि काका दात मांडायला बसले. मांडता मांडता थांबले. डाव्या बाजूचा समोरचा दात त्यांनी जरा वळवला. बाईंनी पहिल्या कवळीच्या वेळी सांगितलं होतं, लहानपणी ताईनं झोपाळ्यावरून ढकललं तेव्हापासून तो दात तसाच होता.

कवळी वर गेली त्या संध्याकाळी काका-काकू जिन्याखाली उभे होते. फोन लागला. बाईंनी घसा साफ केला आणि अख्ख्या गल्लीच्या खिडक्या थरथरल्या.

"ताई! मी बोलतेय! जेवली का नाहीस?"

काकूंनी डोळे मिटून हात जोडले. मग फोनच्या त्या छोट्याशा भोकातून तितकाच दणदणीत आवाज आला, "मेले, होतीस कुठं इतके दिवस? रोज कुणीतरी फोन करून माझ्या कानात नुसती फुंकर मारत होतं!"

बाई हसल्या, रडल्या, परत हसल्या. "दात हरवले होते गं माझे."

"दात काय हरवायची वस्तू आहे? शाळेत डबे हरवायचीस, तशीच राहिलीस. थांब, ते ताट परत नेतायत. अहो नर्सबाई, ठेवा ते इकडं!"

काका अंगणात उगाचच येरझारा घालायला लागले. काकू म्हणाल्या, "डोळ्यांत काय गेलं?" "प्लास्टर," काका म्हणाले.

पुढं ताई बऱ्या झाल्या. हॉस्पिटलची गाडी त्यांना फाटकापाशी सोडून गेली. अजून काही दिवस लांबूनच, असं बजावूनही गेली. बाई जिन्याच्या वरच्या पायरीवर, ताई फाटकात.

"मास्क खाली कर," ताई म्हणाल्या.

"नियम आहे, ताई."

"खाली कर म्हणते ना! लांब आहेस तू. मला बघू दे खरंच तूच आहेस का ते."

बाईंनी इकडं तिकडं बघितलं, मास्क हनुवटीवर ओढला आणि तोंडभर हसल्या. ताईंनी डोळे बारीक केले.

"आहे," त्या समाधानानं म्हणाल्या. "वाकडा दात आहे. मीच पाडली होती हिला."

खिडकीतून बघणारे काका पुन्हा हातातल्या कामाकडं वळले. मांडीवर बाईंचा साचा होता आणि हातात टोकदार खिळा. बुडावर ते नाव कोरत होते, चांगलं खोल. दारात काकू बादली घेऊन उभ्या होत्या.

"आता धू," काका म्हणाले. "हवं तेवढं घास."